ओघवतं, अस्खलित, फर्डं: कोणता शब्द कुठे वापरावा आणि बोलण्यात ओघ कसा आणावा

सूत्रसंचालक, मानपत्र लिहिणारे आणि बातमीदार यांच्या हाताशी एक ओळ कायम तयार असते: ‘फर्डे, ओघवते आणि अस्खलित वक्ते’. तीन विशेषणं लागली की वजन वाढतं, असा समज. पण हे तीन शब्द तीन वेगळ्या गुणांची नावं आहेत आणि तिन्ही गुण एकाच माणसात क्वचितच एकत्र सापडतात. हा फरक ध्यानात आला की परिचय नेमका लिहिता येतो, आणि स्वतःच्या भाषणात घोळ कुठे होतोय हेही लवकर कळतं. बोलताना अडखळणं, मध्येच तुटणं आणि बिचकणं या तीन वेगळ्या अडचणी आहेत. अस्खलितपणा पहिलीवर उतारा, ओघ दुसरीवर, फर्डेपणा तिसरीवर. एकीचा उपाय दुसरीवर केला की महिनाभर सराव करूनही काही बदलत नाही.

अस्खलित

स्खलन म्हणजे घसरणं, ठेच लागणं. ज्यात कुठे ठेच नाही ते अस्खलित. त्यामुळे हा शब्द उच्चार, पाठांतर आणि एखाद्या भाषेवरची पकड यांच्यासाठी राखून ठेवावा. ‘ती अथर्वशीर्ष अस्खलित म्हणते’, ‘बेळगावात वाढल्यामुळे तो अस्खलित कन्नड बोलतो’, ‘त्यांनी अस्खलितपणे उत्तरं दिली’ ही वाक्यं बरोबर आहेत. बोलण्यात जीव आहे की नाही, ऐकणारा गुंतला की नाही, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा अस्खलित असते; तिला ओघवती कुणी म्हणणार नाही.

लिहिताना ‘लि’ ह्रस्व. ‘अस्खलीत’ चूक, आणि अधूनमधून दिसणारं ‘अस्सखलित’ तर त्याहून चूक. हे विशेषण लिंगानुसार बदलत नाही: अस्खलित वक्ता, अस्खलित वाणी, अस्खलित निवेदन.

ओघवता, ओघवती, ओघवतं

ओघ म्हणजे प्रवाह. ओघवतं बोलणं म्हणजे एका वाक्यातून दुसरं निघतं, ऐकणाऱ्याला पुढचं हवंसं वाटतं आणि मुद्दा कधी बदलला ते जाणवत नाही. याचा वेगाशी संबंध नाही. संथ बोलणारा माणूस ओघवता असू शकतो. मिनिटाला दीडशे शब्द फेकणारा नसूही शकतो. मधूनच एखादा शब्द अडला, चुकला, दुरुस्त केला, तरी ओघ टिकतो. म्हणजे ओघवता वक्ता शंभर टक्के अस्खलित असलाच पाहिजे असं नाही.

हा शब्द लेखनालाही चालतो: ओघवती शैली, ओघवता अनुवाद. ‘अस्खलित’ मात्र लेखनाला लावला तर विचित्र वाटतो, आणि ‘फर्डा’ लावला तर लेखनापेक्षा लेखकाच्या अंगचा धीटपणा आधी डोळ्यासमोर येतो.

रूपं चालवताना दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं सामान्यरूप: ‘ओघवत्या शैलीत’, ‘ओघवत्या भाषेत’ असं हवं, ‘ओघवती शैलीत’ हे चूक. दुसरं क्रियाविशेषण: ‘ओघवतेपणे बोलल्या’ हे कानाला खटकतं. त्याऐवजी ‘ओघवत्या शैलीत बोलल्या’ किंवा नुसतं ‘ओघानं बोलत गेल्या’ म्हणावं. ‘ओघानं आलं म्हणून सांगते’ आणि ‘बोलण्याच्या ओघात’ या प्रयोगांचा अर्थ मात्र निराळा. तिथे ओघ म्हणजे प्रसंगानं, भरात. पुढारी नको ते बोलून जातात आणि दुसऱ्या दिवशी ‘बोलण्याच्या ओघात निघून गेलं’ असा खुलासा करतात, तो याच अर्थानं. तो ओघ कौतुकाचा नव्हे.

फर्डा

फर्डेपणात धीटपणा आहे. सभा पाहून न बिचकणं, आवाज मोकळा सोडणं, टाळी कुठे येणार हे आधीच ओळखणं. ‘फर्डा वक्ता’ आणि ‘फर्डं इंग्रजी’ हे त्याचे ठरलेले जोडीदार. ‘फर्डं इंग्रजी’मध्ये थोडं कौतुक असतं आणि थोडा टोमणाही: बोलणारा जोरात आहे, बरोबर आहे की नाही ते नंतर बघू. बोलीत याच जागी ‘फाडफाड इंग्रजी’ येतं. बाईंबद्दल लिहिताना ‘फर्ड्या वक्त्या’ म्हणावं. ‘वक्त्री’ हे संस्कृताप्रमाणे स्त्रीलिंगी रूप असलं तरी आज ते छापलेलं वाचतानाही माणूस थबकतो.

शोकसभेच्या बातमीत किंवा संशोधकाच्या मानपत्रात ‘फर्डा’ टाळावा. तिथे ‘ओघवता’ किंवा ‘व्यासंगी’ जास्त शोभतो. निवडणुकीच्या सभेला मात्र फर्डा अगदी बरोबर. प्रचारसभांच्या बातम्यांत लागणारी ‘मुलूखमैदान तोफ’ ही उपाधी विजापूरच्या खऱ्या तोफेची आहे; १५४९ साली ओतलेली ती तोफ आजही तिथल्या बुरुजावर पडून आहे. ही उपाधी इतकी घासली गेलीय की आता तिचा आवाजच येत नाही.

बाकीचे शेजारी

‘रसाळ’ कीर्तन, प्रवचन, आख्यान आणि आठवणी यांच्यासाठी. अर्थसंकल्पावरच्या भाषणाला रसाळ म्हटलं तर ती थट्टा ठरते. रसाळ म्हणजे लांबलचक असा एक गैरसमज आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात चांगल्या बोलण्याचं वर्णन येतं, तिथे ‘रसाळ’च्या शेजारी ‘मितले’, म्हणजे मोजकं, हा शब्द आहे, हे विसरलं जातं.

‘वाक्पटू’ आणि ‘हजरजबाबी’ हे समोर कुणीतरी असल्याशिवाय वापरता येत नाहीत. उलटतपासणी, वादविवाद, मुलाखत ही त्यांची जागा. तासभर एकट्यानं व्याख्यान दिलेल्याला वाक्पटू म्हणण्यात मजा नाही. ‘घणाघाती’ हल्ल्याला, ‘खुमासदार’ किश्शांना, ‘पल्लेदार’ लांब वाक्यांना. ‘पल्लेदार’ जपून वापरावा, कारण पल्ला जरा वाढला की लोक त्याच भाषणाला ‘शब्दबंबाळ’ म्हणतात. ‘प्रभावी’ हा परिणाम सांगणारा शब्द आहे. कोणावर काय प्रभाव पडला हे सांगायचं नसेल तर तो लिहिण्यात अर्थ नाही.

हे शब्द माणसांना लावून पाहिले की लगेच बसतात. आचार्य अत्रे यांच्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभा: फर्ड्या, घणाघाती. प्राचार्य शिवाजीराव भोसले: ओघवते. राम शेवाळकर: रसाळ. ‘काळ’ साप्ताहिकाचे कर्ते शिवराम महादेव परांजपे यांची खासियत वक्रोक्ती, म्हणजे सरळ न बोलता आडून टोचणं. लोकमान्य टिळकांचं भाषण साधं, सरळ, युक्तिवादावर उभं. त्याला यातलं एकही झगझगीत विशेषण लागत नाही आणि तरी सभा हलत असे. विशेषण न लावणं हाही पर्याय असतो.

निंदेचे शब्द वेगळेच. ‘वाचाळ’ म्हणजे नको तितकं आणि नको ते बोलणारा. ‘बोलघेवडा’ म्हणजे बोलण्यात पुढे, कामात मागे. ‘पोपटपंची’ म्हणजे अर्थ न कळता घडाघडा म्हणणं. यात अस्खलितपणा पुरेपूर असतो, हे लक्षात घ्या. संस्कृत व्याकरणकार पाणिनीनं ‘अष्टाध्यायी’च्या पाचव्या अध्यायात ‘वाच्’ या एकाच शब्दाला लागोपाठच्या दोन सूत्रांत (५.२.१२४ आणि १२५) निरनिराळे प्रत्यय सांगितले आहेत. एकानं ‘वाग्मी’ होतो, म्हणजे उत्तम बोलणारा, आणि दुसऱ्यानं ‘वाचाल’, म्हणजे बडबड्या. आपला ‘वाचाळ’ तो हाच. ‘वाग्मी’ मराठीत आता मानपत्रापुरता उरलाय, आणि तिथेही तो वाचून दाखवणाऱ्याची जीभ अडखळते. शक्यतो नकोच.

परिचयासाठी नियम एवढाच: एक विशेषण आणि त्याला एक पुरावा. ‘फर्ड्या, ओघवत्या, रसाळ वक्त्या’ यातून काही कळत नाही. ‘ओघवत्या वक्त्या, हाती कागद न घेता तासभर बोलतात आणि एकही सन चुकत नाही’ यातून कळतं. पुरावा सापडत नसेल तर विशेषण काढून टाका.

आणि प्रमाणपत्र छापण्याआधी ‘वक्तृत्व’ तपासा. ‘वकृत्व स्पर्धा’ असे फलक दरवर्षी लागतात. मूळ शब्द वक्तृ, त्याला त्व लागून वक्तृत्व. म्हणजे ‘क्तृ’ हवाच, आणि शेवटी एकच त असलेला ‘त्व’. नेतृत्व, कर्तृत्व, मातृत्व ही याचीच भावंडं. ‘महत्त्व’, ‘तत्त्व’, ‘सत्त्व’ यांत दोन त येतात कारण मूळ शब्द महत्, तत्, सत् असे तकारान्त आहेत. ते पाहून ‘वक्तृत्त्व’ लिहू नये. तसंच ‘वाक्पटू’ एकटा असताना टू दीर्घ, पण ‘वाक्पटुत्व’मध्ये टु ह्रस्व. गुरू आणि गुरुत्व यांत जे होतं तेच.

आधी तपासणी

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे. पहिलं काम सरावाचं नाही, तपासणीचं आहे. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि उभं राहून तीन मिनिटं बोला. विषय ओळखीचा घ्या: गावचा आठवडी बाजार, तुमच्या कामाची पद्धत, घरातला एखादा सण. आधी काही लिहू नका. मग ते मुद्रण जसंच्या तसं कागदावर उतरवा, ‘अं’, ‘म्हणजे’, अर्धवट सोडलेली वाक्यं यांसकट. कंटाळवाणं काम आहे, पाऊण तास सहज जातो. पण नुसतं ऐकून सगळ्यांना वाटतं की आपण बरे बोललो. कागद तसं वाटू देत नाही.

उतरवलेल्या मजकुरावर तीन खुणा करा. शब्द अडला, चुकीचा उच्चारला, लिंग चुकलं तिथे लाल. वाक्य अर्धवट सुटलं किंवा मुद्दा एकदम उडी मारून बदलला तिथे निळी. आवाज पडला, वाक्याचा शेवट गिळला, ‘मला काही फार माहीत नाही पण’ अशी माघार घेतली तिथे पेन्सिल. लाल जास्त असतील तर अस्खलितपणा कमी आहे, निळ्या जास्त असतील तर ओघ, आणि पेन्सिलीच्या जास्त असतील तर फर्डेपणा. जो रंग सर्वांत जास्त, त्यावरच पहिले तीन आठवडे काम करा. तिन्ही एकदम हातात घेतले की एकही धड होत नाही.

लाल खुणा

मराठीत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दाखवले जात नाहीत. ‘चार’मधला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून केलेला, ‘चारा’मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांजवळ नेऊन केलेला. ‘जरा’ म्हणजे थोडं असेल तर एक ज, म्हातारपण असेल तर दुसरा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द (चंद्र, चरित्र, जय, जनता) बहुधा तालव्य राहतात, आणि इ-ईपुढेही तालव्यच येतो: चिमणी, जीभ. इंदूर-बडोद्याकडे किंवा परदेशात वाढलेल्या मराठी मुलांचे सगळेच च-ज तालव्य होतात. त्यांनी पन्नासेक शब्दांची यादी करून घरातल्या मोठ्यांकडून एकदा बोलवून घ्यावी, ती मुद्रित करून ठेवावी आणि तिच्या पाठोपाठ म्हणावी. ण-न आणि ळ-ल यांचंही तसंच.

‘चटईला टाचणी टोचली’ आणि ‘काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले’ ही जुनी वाक्यं अजूनही कामाची आहेत. ती घाईनं म्हणायची शर्यत लावण्यात फायदा नाही. आधी प्रत्येक अक्षर सुटं, मग चालीत, मग वेगानं. वेग वाढवताना एक अक्षर जरी गळलं तरी एक पायरी खाली. रोज पाच मिनिटं पुरेत.

लाल खुणांतला मोठा वाटा मात्र उच्चारांचा नसतो, क्रियापदाचा असतो. भूतकाळात मराठीचं क्रियापद बहुधा कर्माशी जुळतं: मंडळानं अभ्यासिका सुरू केली, मंडळानं उपक्रम सुरू केला. बोलणारा मनात ‘अभ्यासिका’ धरून निघतो, वाटेत ‘उपक्रम’ म्हणतो आणि शेवटी ‘केली’ म्हणून ठेच खातो. कारण कर्म आणि क्रियापद यांच्यात बारा-पंधरा शब्द घुसलेले असतात. हे अंतर कमी केलं की चूक व्हायला जागाच राहत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तोतरेपणा, म्हणजे शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडकणं, तेच अक्षर पुन्हा पुन्हा येणं, आवाजच न फुटणं, हा सरावाचा अभाव नसतो. अशा मुलाला ‘सावकाश बोल’, ‘आधी विचार कर’ असं सांगून किंवा त्याचं वाक्य आपण पुरं करून उपयोग होत नाही; ताण वाढतो. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जावं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था याच क्षेत्रातली आहे.

निळ्या खुणा

ओघ तुटण्याचं पहिलं कारण म्हणजे ‘जो-तो’ची रचना एकात एक अडकवणं. उदाहरण पाहा: ‘गावातल्या ज्या मुलांना शिकायची इच्छा होती पण ज्यांच्या घरची परिस्थिती नव्हती अशांसाठी जी अभ्यासिका आमच्या मंडळानं जी आत्ता दहा वर्षं झाली…’ इथे बोलणाऱ्याला आपण कुठे होतो तेच आठवत नाही. हेच असं बोला: ‘गावात शिकायची इच्छा असलेली मुलं होती. घरची परिस्थिती नव्हती. म्हणून दहा वर्षांपूर्वी मंडळानं अभ्यासिका सुरू केली.’ तीन वाक्यं, तीन क्रियापदं. बोलीभाषणात बारा ते पंधरा शब्दांपलीकडचं वाक्य मुद्दाम घ्यायचं असेल तरच घ्या.

पण सगळीच वाक्यं तोडली तर बोलणं आदळत-आपटत चालतं. तेव्हा जोडणाऱ्या शब्दांकडे लक्ष द्या: म्हणून, उलट, तरीही, मग, त्याचं कारण असं, एवढ्यावर थांबलं नाही. वरच्या उदाहरणातला ओघ त्या एका ‘म्हणून’नं आला आहे. दुसरं साधन म्हणजे ‘-ऊन’: जाऊन, पाहून, विचारून. दोन-तीन क्रिया एका दमात जोडायला याच्याइतकं सोपं काही नाही. अट एकच, सगळ्या क्रियांचा कर्ता एकच हवा. ‘आम्ही तिथे पोहोचून पाऊस सुरू झाला’ हे चुकीचं. ‘आम्ही पोहोचलो आणि पाऊस सुरू झाला’ हे बरोबर. सलग तीनपेक्षा जास्त ‘-ऊन’ आले की शाळेच्या सहलीचा निबंध सुरू झाल्यासारखं वाटतं.

बोलताना मराठी शब्दक्रम सैल होतो, त्याचाही उपयोग करा. ‘ती सभा मी पाहिली आहे’ आणि ‘पाहिली आहे मी ती सभा’ यांत दुसऱ्याला उठाव आहे. दर चार वाक्यांत एकदा चालेल. सारखं केलं की नाटकी.

आता पालुपदं. महाराष्ट्रातल्या व्यासपीठांवर ‘या ठिकाणी’ इतकं वापरलं जातं की ठिकाण कोणतं हे विचारायचंच कुणाला सुचत नाही. ‘मी या ठिकाणी आपल्याला निश्चितपणानं सांगू इच्छितो की खऱ्या अर्थानं…’ एवढं होईपर्यंत मुद्दा आलेलाच नसतो. शहरांत याच जागी ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ बसलेत. ‘करण्यात आलेलं आहे’ हे सरकारी पत्रातून भाषणात आलं, ‘केलं’ पुरतं. ही सगळी भर विचार करायला वेळ मिळावा म्हणून तोंडात येते. त्यामुळे ती नुसती बंद करता येत नाही, तिच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. ते काहीतरी म्हणजे शांतता. एका आठवड्याला एकच पालुपद निवडा. ते जिभेवर येतंय असं वाटलं की तोंड मिटा, नाकानं श्वास घ्या, मग पुढचं वाक्य. बोलणाऱ्याला ही शांतता फार लांब वाटते. ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही.

ऐकण्याचा सरावही ओघासाठीच करायचा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला असो की तुमच्या तालुक्याची, एखादं व्याख्यान ऐकताना मुद्दे टिपू नका. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना वक्ता कोणतं वाक्य वापरतो तेवढंच टिपा. नारदीय कीर्तनात तर हे सांधे उघडे दिसतात. पूर्वरंगात निरूपण, मग नामाचा गजर, मग उत्तररंगातलं आख्यान. गजर चालू असताना श्रोते सावरतात आणि बुवांचा दम भरतो. भाषणात गजर नसतो, पण दोन मुद्द्यांमध्ये एक प्रश्न विचारून थांबलं तरी तेच काम होतं.

पेन्सिलीच्या खुणा

मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. श्वासही तिथेच संपतो. त्यामुळे ‘हे धोरण आम्हाला मान्य…’ इथवर खणखणीत ऐकू येतं आणि ‘आहे’ की ‘नाही’ ते पहिल्या रांगेलाही कळत नाही. शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांइतक्याच आवाजात आले पाहिजेत. यासाठी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद रोज मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक वाक्याचं क्रियापद मुद्दाम जोरात म्हणा. पंधरा दिवसांनी जोर कमी करा, सवय राहते. श्वास वाक्य सुरू होण्यापूर्वी घ्यायचा, मध्ये अडल्यावर नाही. पोटावर हात ठेवून पाहा: श्वास घेताना हात पुढे यायला हवा. खांदे वर जात असतील तर श्वास वरच्यावर आहे आणि तो पुरणार नाही.

बिचकलेला माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात धावतो. म्हणून पहिली तीन वाक्यं छोटी ठेवा आणि ती तोंडपाठ करा. ‘व्यासपीठावर उपस्थित सन्माननीय’ ही यादी घ्यायचीच असेल तर नावं कागदावर लिहून वाचा. नाव चुकलं की धीर तिथेच सुटतो. नजर तीन ठिकाणी ठेवा: डावीकडची मधली रांग, उजवीकडची मधली रांग, मागचं दार. एका वाक्याला एक जागा.

सात मिनिटांचं भाषण बांधताना

व्यासपीठावर मराठी बोलण्याचा सोयीचा वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात. म्हणून इंग्रजीच्या पुस्तकांत दिलेले आकडे इथे धरू नयेत. स्वतःचा वेग काढायचा तर तीनशे शब्दांचा मजकूर मोठ्यानं वाचा आणि घड्याळ लावा. सात मिनिटांसाठी साडेसहाशे शब्दांची तयारी पुरे. उरलेला वेळ विरामांत आणि टाळ्यांत जातो. आठशे शब्द घेऊन उभा राहिलेला स्पर्धक शेवटच्या मिनिटात घोड्यावर बसतो.

संपूर्ण भाषण शब्दशः पाठ करू नका. पाठांतराची साखळी असते. एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. मुद्दे तीनच ठेवा. पूर्ण लिहून पाठ करायच्या जागा अशा: सुरुवातीची तीन वाक्यं, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर नेणारी दोन वाक्यं, आणि शेवटची दोन. बाकीचं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा-आठ शब्दांत. सराव शेवटाकडून सुरू करा: आधी तिसरा मुद्दा आणि समारोप, मग दुसऱ्यापासून शेवटपर्यंत, मग सगळं. सुरुवातीपासूनच दरवेळी सुरू केलं तर सुरुवात वीस वेळा होते आणि शेवट तीन वेळा, मग मंचावर शेवटच कच्चा पडतो.

पहिल्या मसुद्यावर विराम आखून घ्या. स्वल्पविरामाला एक उभी रेघ, पूर्णविरामाला दोन, मुद्दा बदलताना तीन. मनात एक रेघ म्हणजे अर्धा सेकंद. विनोदानंतर रेघ आखू नका. तिथे हसू ओसरू लागेपर्यंत थांबायचं असतं आणि ते आधी ठरवता येत नाही.

ध्वनिक्षेपक तोंडापासून साधारण वीतभर आणि किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर प, फ, ब, भ यांचा फटका बसतो आणि ‘भाषण’ म्हणताना ढोल वाजल्यासारखं होतं. मोठ्या, घुमणाऱ्या सभागृहात वाक्यांमधला विराम दुप्पट करा, नाहीतर आधीच्या वाक्याची शेपटी पुढच्यावर चढते.

मध्येच विसरलं तर आधी शेवटचं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणा. बहुतेक वेळा पुढचं त्यातूनच आठवतं. तरी नाही आलं तर कार्डाकडे सरळ पाहा, लपूनछपून नको. ‘सॉरी’ किंवा ‘विसरलो’ म्हणू नका, कारण तोवर ते कुणाच्याही लक्षात आलेलं नसतं. इशाऱ्याची घंटा झाली की चालू वाक्य पूर्ण करा, राहिलेला मुद्दा सोडून द्या आणि पाठ केलेल्या शेवटच्या दोन वाक्यांवर या. ‘वेळेअभावी’ म्हणायची गरज नाही, आणि ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ याचीही नाही.